बाबांच्या रिपोर्टची पिशवी आणि कुणीच न बघितलेली क्रिएटिनिनची रांग

तावरजा | रविवार रात्री ११.२०

मंडळी, बरीच वर्षं इथं नुसती वाचते, आज लिहायला बसलेय कारण हे डोक्यातून जातच नाहीये. माझे बाबा ६९ वर्षांचे, औसा तालुक्यात गावी असतात, मी पुण्यात. शुगर पंधरा वर्षांपासून, बीपी आठ-नऊ वर्षांपासून. त्यांची एक पिशवी आहे, साडीच्या दुकानाची, त्यात सगळे कागद, लॅबचे रिपोर्ट, चिठ्ठ्या, एक्सरे, मेडिकलची बिलं, सगळं. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती काखेत असतेच. डॉक्टर वरचा एखादा कागद बघतात आणि पिशवी परत देतात, त्यांचा तरी काय दोष, बाहेर चाळीस माणसं ताटकळत असतात.

गेल्या महिन्यात पायावर सूज आली म्हणून त्यांना इकडे आणलं. किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, जुने क्रिएटिनिन आहेत का, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी, आकडा वाढला की किडनी मंदावतेय. रात्री हॉलमध्ये सतरंजीवर सगळे कागद पसरले, तारखेप्रमाणे लावले आणि वहीत एक ओळ लिहिली. जानेवारी २०२२, १.१. मार्च २०२३, १.४. मे २०२४, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेला, १.८. आणि आता २.३. चार तपासण्या, चार लॅब, चार डॉक्टर. आणि त्याच पिशवीत गुडघेदुखीसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या चिठ्ठ्या, ही दुखण्यावरची गोळी किडनीला मारक ठरू शकते, जवळजवळ दीड वर्ष रोज एक गोळी चालू होती. ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्यासमोर क्रिएटिनिन नव्हतं, ज्यांनी क्रिएटिनिन करायला लावलं त्यांना गोळीचं माहीत नव्हतं आणि बाबांना वाटायचं की पिशवी सोबत आहे म्हणजे डॉक्टरांना सगळं कळतंय.

मी ऑफिसात दिवसभर एक्सेलवर काम करते हो. चार आकडे एका रांगेत लावायला मला दहा मिनिटं लागली. हे काम कुठल्यातरी कॉम्प्युटरनं दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर आज चित्र वेगळं असतं असं राहून राहून वाटतंय. बाबांचं आभा कार्ड, ते सरकारी हेल्थ आयडीचं, काढलेलं आहे, पण उघडलं तर त्यात काहीच दिसत नाही. मग ते काढून उपयोग काय? कुणाला याबद्दल नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

आप्पा_वाईकर | रविवार रात्री ११.५५

ताई, आधी बाबांना बरं वाटो. आभाबद्दल एक शंका, आमच्या गावात सगळे म्हणतात आभा काढलं की पाच लाखांपर्यंत ऑपरेशन फुकट. तसं आहे का?

गोदाकाठ | सोमवार सकाळी ८.१०

आप्पा, नाही, हा घोळ सगळीकडेच आहे. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड, योजनेत नाव बसत असेल तरच मिळतं. आभा म्हणजे नुसता १४ आकडी नंबर, कुणीही काढू शकतं आणि त्यातून एक रुपयाही मिळत नाही. तुमच्या तब्येतीचे कागद कुठंही झाले तरी ते तुमचेच आहेत हे ओळखायची खूण, एवढंच त्याचं काम.

तावरजा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी हॉस्पिटलची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये आहे. लोकांना वाटतं आभा काढलं की दिल्लीत कुठंतरी मोठं गोदाम आहे आणि आपले सगळे रिपोर्ट आपोआप तिथं जाऊन पडतात. तसं नाहीये. आभा ज्याचा भाग आहे ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्याची रचनाच अशी आहे की रिपोर्ट ज्या दवाखान्यात तयार झाला तिथंच राहतो आणि तुम्ही परवानगी दिली की तेवढ्यापुरता दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. म्हणजे तुमच्या लॅबचं सॉफ्टवेअर या जाळ्याला जोडलेलं पाहिजे आणि रिपोर्ट देताना तिथल्या माणसानं बाबांचा आभा नंबर टाकलेला पाहिजे. दोन्हीतलं एक जरी राहिलं तर ॲप उघडल्यावर रिकामंच दिसणार. तालुक्याच्या लॅबमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून वर्डच्या फाईलमध्ये आकडे टाईप करून प्रिंट काढतात, ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरला वाचताच येत नाही. माणसाला दिसतं क्रिएटिनिन १.४, मशीनला ते नुसतं कागदाचं चित्र.

आणखी एक डोकेदुखी सांगतो. आपल्याकडे माणूस तोच आहे हे ओळखणंच अवघड जातं. बाबांच्या वयाच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत मास्तरांनी तीच घातली. पाटील, गायकवाड इंग्रजीत चार प्रकारे लिहितात. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं गाळलेलं. मोबाईल नंबर मुलाचा, तोही बदललेला. एकाच गावात १ जून १९५५ चे तीन दत्तात्रय सापडतात. मग एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जायची भीती, जी काहीच न दिसण्यापेक्षा वाईट. म्हणून तो नंबर लागतो, नाहीतर आम्हालाही लोकांना आणखी एक कार्ड काढायला लावायची हौस नाही.

नळी_बारकोड | सोमवार दुपारी १.३०

लॅब टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. गोदाकाठ म्हणाले ते खरंय, पण आमच्या बाजूनं पण सांगते.

मी आधी जिथं होते तिथं नळीवर पेननं नाव लिहायचो. सकाळी ७ ते १० मध्ये शंभर-सव्वाशे नळ्या, मशीनवरचा आकडा बघून रजिस्टरमध्ये लिहायचा, रजिस्टरमधून बघून टाईप करायचा. दोनदा उतरवलं की दोन ठिकाणी चूक व्हायला जागा, १.४ चं ४.१ व्हायला काय लागतं. आता जिथं आहे तिथं रक्त घेतानाच नळीला बारकोड लागतो, मशीन बारकोड वाचतं आणि आकडा सरळ सिस्टीममध्ये जातो, मधे कुणाचा हात नाही. पोटॅशियम ६.५ च्या वर गेलं की स्क्रीन लाल होते आणि डॉक्टरला फोन केल्याची नोंद केल्याशिवाय रिपोर्ट पुढं जात नाही. याने माणसं वाचलेली मी बघितलीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटचा मागचा आकडा बाजूला दिसतो. ताईंच्या बाबांचं १.१ वरून १.४ झालं ना, आमच्या छापील रिपोर्टवर नॉर्मल ०.७ ते १.३ लिहिलेलं असतं, त्यामुळे १.४ बघून कुणी घाबरत नाही, जरासं वाढलंय म्हणून सोडून देतात. पण मागचा आकडा शेजारी असेल तर डोळ्यात भरतो. अडचण अशी की आमच्याकडे फक्त आमच्याच लॅबचा मागचा आकडा असतो. पेशंट दुसऱ्या लॅबला गेला की रांग तुटली.

तावरजा | सोमवार रात्री ९.४५

नळी_बारकोड ताई, "रांग तुटली" वाचून गलबलून आलं. अगदी हेच झालं. आणि लॅब बदलली ती पण आमच्यामुळेच, जिथं स्वस्त तिथं, जिथं गाडी थांबली तिथं.

मराठवाडा_एमओ | सोमवार रात्री ११.३०

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, तुमच्याच भागात म्हणा. थोडं लांब लिहितोय.

आधी बाबांचं. क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवतो. वय धरून हिशेब केला की किडनी किती टक्के गाळतेय याचा अंदाज येतो, त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२२ चा १.१ म्हणजे साधारण ७४, २०२३ चा १.४ म्हणजे ५५ च्या आसपास, २०२४ ला ४०, आता ३०. साठच्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की किडनीचा जुना आजार धरायचा असतो. म्हणजे २०२३ लाच हे सापडायला हवं होतं. हा हिशेब डोक्यात करता येत नाही, पण कॉम्प्युटरला क्षणभर लागतो, वय आणि स्त्री की पुरुष एवढं माहीत असलं की झालं. प्रत्येक लॅबनं क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापला तर कुठलंही मोठं मिशन न करता अर्धं काम होईल असं माझं प्रामाणिक मत आहे. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोसही याच आकड्यावर ठरतो, ४५ च्या खाली गेलं की फेरविचार आणि ३० च्या खाली बंद, हे तुमच्या डॉक्टरांनी बघितलंच असेल.

आता आयटीनं काय होतं ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो. पूर्वी ग्रामीण रुग्णालयात होतो. पहाटे पाचला एक शेतकरी छातीत कळ येतेय म्हणून आला. ईसीजी काढला, मला शंका होती पण खात्री नव्हती. आमच्याकडे ईसीजी मशीनमधून सरळ इंटरनेटवर जाईल अशी सोय नुकतीच आली होती, शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी दहाएक मिनिटांत उत्तर दिलं की हा अटॅकच आहे, गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथंच द्या. दिलं. मग १०८ ने पुढं पाठवला. आधी काय व्हायचं, पेशंटला गाडीत घालून शहरात धाडायचो, दीड-दोन तास रस्त्यात जायचे आणि तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत जायचा. इंजेक्शन आमच्या कपाटात तेव्हाही होतं, नव्हता तो खात्रीनं "हो द्या" म्हणणारा माणूस. तो माणूस तारेवरून आला.

ई-संजीवनीचंही तसंच. ती लांबच्या डॉक्टरला व्हिडिओवर दाखवायची सरकारी सोय आहे, नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, घरबसल्या वापरायचा भाग आला. शहरातल्या लोकांना वाटतं व्हिडिओ कॉल म्हणजे झालं. पण खेड्यात ती चालते कारण उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे तिथली समुदाय आरोग्य अधिकारी, पेशंटच्या शेजारी बसलेली असते, बीपी घेते, पाय दाबून सूज बघते आणि पलीकडच्या डॉक्टरला सांगते. म्हातारी माणसं स्क्रीनशी बोलत नाहीत, तिच्याशी बोलतात. ती बाई काढून घेतली तर नुसता टॅब्लेट धूळ खाईल.

आणि जे होत नाही तेही सांगतो. ओपीडीत ८०-९० पेशंट असतात. प्रत्येकाचं सगळं टाईप करायला बसलो तर माझं तोंड स्क्रीनकडे, पेशंटचा हात माझ्या हातात नाही. काही सॉफ्टवेअर दर दोन औषधांना लाल खिडकी दाखवतात की हे याच्याबरोबर देऊ नका, वीसपैकी एकोणीस वेळा ती बिनकामाची असते, मग बोट आपोआप ओके दाबतं आणि विसावी, खरी खिडकी पण निसटते. तुमच्या बाबांच्या वेळी "ईजीएफआर ४०, डायक्लोफेनॅक नको" एवढी एकच खिडकी आली असती तर पुरत होतं.

लीड्सवाला_सचिन | मंगळवार पहाटे ३.१५

इंग्लंडमधून. इकडे जीपीकडची, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडची, औषधं आणि ॲलर्जी यांचा एक छोटा सारांश दुसऱ्या हॉस्पिटलला बघता येतो. मला पेनिसिलिनची ॲलर्जी, दुसऱ्या गावात गाडीचा अपघात झाला, शुद्धीवर नव्हतो आणि कॅज्युअल्टीत त्यांना ते आधीच माहीत होतं. एवढीशी माहिती, पण मी आज लिहितोय. चिठ्ठीही कागदावर नसते, डॉक्टर पाठवतात आणि आपण निवडलेल्या मेडिकलमध्ये पोचते.

पण इकडचं सगळं गोड नाही हे पण सांगतो. २००२ मध्ये संपूर्ण एनएचएससाठी, म्हणजे इकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, एक भलामोठा कॉम्प्युटर प्रोग्राम काढला होता, अब्जावधी पौंड खर्ची पडले आणि २०११ मध्ये तो मोडीत काढायचं जाहीर केलं. माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या जुन्या नर्स अजून सांगतात की काय हवं ते आम्हाला कुणी विचारलंच नाही. आणि मे २०१७ मध्ये कॉम्प्युटर अडवून ठेवणारा वॉनाक्राय व्हायरस आला तेव्हा हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, जुनी विंडोज अपडेट न केल्यामुळे.

आप्पा_वाईकर | मंगळवार सकाळी ७.४०

सचिनराव, तुम्ही माझ्या मनातली भीती बोललात. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस एवढ्या मोठ्या हॉस्पिटलचं काम परत हातानं चाललं. मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचं काय? त्याचा पासवर्ड स्क्रीनवर चिकटवलेला मी बघितलाय.

माझा मुद्दा पैशाच्या चोरीचा नाही. मी बँकेत नोकरी केली, पैसा गेला तर परत भरता येतो. पण कुणाच्या मुलीला टीबी होऊन बरा झालाय, कुणाला एचआयव्ही आहे, कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातं, हे एकदा गावात फुटलं की परत झाकता येत नाही. लग्नं मोडतात. पिशवी निदान घरात होती.

गोदाकाठ | मंगळवार सकाळी १०.०५

आप्पा, ही भीती अगदी रास्त आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. कागदोपत्री रचना चांगली आहे. कुठल्या डॉक्टरला, कुठल्या प्रकारचे रिपोर्ट, किती दिवसांसाठी हे तुम्ही ठरवता, परवानगी परत काढून घेता येते, आभा काढणं सक्तीचं नाही, आणि डेटा संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला. पण प्रत्यक्षात काउंटरवरचा माणूस म्हणतो "काका ओटीपी सांगा" आणि काका सांगतात, आणि परवानगीचं बटण तोच दाबतो. ही परवानगी नव्हे. परवानगीची स्क्रीन मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवणारी हवी, यावर मी आमच्या ऑफिसात गेले सहा महिने भांडतोय.

रानमेवा | मंगळवार रात्री १०.५०

मी आशांची गटप्रवर्तक आहे, मेळघाटात, धारणीच्या बाजूला. तुम्ही सगळे शिकलेले लोक बोलून राह्यले, पण ही माहिती भरते कोण ते कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमची आशा सकाळी घरोघर जाते. गरोदर बाईची नोंद रजिस्टरमध्ये, मग तीच ॲपमध्ये, मग आणखी एका ॲपमध्ये कारण तो दुसरा विभाग आहे, मग महिनाअखेरी कागदावर गोषवारा. एकच बाई, एकच बीपी, चारदा लिहायचं. डोंगरात रेंज नाही, ॲप गोल गोल फिरतं, मग ती संध्याकाळी टेकडीवर रेंज सापडते तिथं जाऊन बसते आणि सगळ्या दिवसाचं भरते, घरी लेकरं वाट पाहतात. आणि ओटीपी! बँकेवाले सांगतात कोणाला ओटीपी देऊ नका, आणि आम्ही दारात जाऊन ओटीपी मागतो. बाया घाबरतात, त्यांचं काही चुकत नाही. मोबाईल नवऱ्याजवळ, नवरा मजुरीला बाहेरगावी, त्याला फोन करा, तो उचलत नाही.

पण फायदा नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे लोक होळीपर्यंत कामाला बाहेर असतात, बाई सातव्या महिन्यात अमरावतीकडे गेली तर पहिले तिचा पत्ताच लागत नव्हता. आता आरसीएच नंबर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचा नंबर, असला तर तिकडची नर्स पाहू शकते की लस झाली का, हिमोग्लोबिन किती होतं. एक बाई होती, हिमोग्लोबिन ६, फारच कमी, तिकडे डिलिव्हरीची वेळ आली तर तिकडच्या सिस्टरनं नंबर टाकून पाहिलं आणि रक्ताची सोय आधी करून ठेवली. बाई आणि बाळ दोघं घरी आले. त्या दिवशी माझ्या आशाला मी सांगितलं, तू टेकडीवर बसून भरलेलं कामी आलं. तिला रडू आलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच हाय का एकदा भरलेलं दुसऱ्यांदा मागू नका, आणि रेंज नसताना भरता येईल, रेंज आली की आपोआप जाईल असं करा. हे होऊ शकते का नाही ते आयटीवाल्या भाऊंनी सांगावं.

गोदाकाठ | बुधवार सकाळी ९.००

रानमेवा ताई, होऊ शकतं, शंभर टक्के. फोनमध्ये साठवून ठेवायचं आणि नंतर पाठवायचं हे तंत्र जुनं आहे. आणि एकदा भरलेलं चार विभागांना मिळणं हेही फायर (FHIR) नावाच्या मानकानं, म्हणजे तब्येतीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीनं, शक्य आहे, आभाचं जाळं त्याच मानकावर उभं आहे. अडतं ते विभाग आपापलं ॲप सोडायला तयार होत नाहीत तिथं. तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून टीमच्या भिंतीवर लावलाय, चालेल ना?

रानमेवा | बुधवार रात्री ९.१५

लावा भाऊ. आशांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

सांगलीचा_केमिस्ट | बुधवार रात्री १०.३०

तावरजा ताई, सगळं जुळून येईपर्यंत थांबू नका. मी दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सांगतो ते सांगतो. एक कोरा कागद घ्या. वर नाव, वय, वजन, ॲलर्जी. खाली आजार कुठल्या सालापासून. मग आत्ता चालू असलेल्या गोळ्या, ब्रँडचं नाव नको, आतलं औषध लिहा, कारण डायक्लोफेनॅक वीस नावांनी मिळतं आणि बाबा एका नावाची बंद करून दुसऱ्या नावाची घेत बसतील. अंगदुखीची म्हणून काउंटरवरून घेतलेली गोळी पण त्यात आली पाहिजे, ती कुठल्याच चिठ्ठीवर नसते. शेवटी तुमची ती क्रिएटिनिनची रांग. त्याचा फोटो बाबांच्या, तुमच्या आणि शेजारच्याच्या फोनमध्ये.

नळी_बारकोड | बुधवार रात्री ११.१०

आणि जुन्या लॅबना फोन करून पीडीएफ मागा, बरेचजण देतात. ईसीजीच्या पट्ट्यांचे आजच फोटो काढून ठेवा, तो थर्मल कागद असतो, दोन-तीन वर्षांत पांढरा पडतो. आभाच्या ॲपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये आपले कागद आपण स्वतः पण टाकू शकतो. आणि इथून पुढं शक्यतो एकाच लॅबला जा.

तावरजा | तीन आठवड्यांनी, शनिवार सायंकाळी ६.२५

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितेय. चारपैकी दोन लॅबनी पीडीएफ दिले, एक लॅब बंदच झालीय, चौथीनं सहा महिन्यांपलीकडचं ठेवत नाही म्हणून सांगितलं. ईसीजीच्या तीन पट्ट्यांपैकी एक खरंच कोरी झालेली निघाली. बाकी सगळं स्कॅन करून चढवलं. केमिस्ट दादांनी सांगितलेला कागद केला, बाबांनी त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून पिशवीच्या आतल्या बाजूला ठेवलीय. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्या तर कपाटातून तीन वेगवेगळी पाकिटं निघाली, तिन्हीत डायक्लोफेनॅक.

किडनीच्या डॉक्टरांनी ती पूर्ण बंद केलीय, शुगरची गोळी बदलली. बाबा आता गावी परत गेलेत. उपकेंद्रातल्या सीएचओ ताईंनी त्यांचा आभा नंबर त्यांच्या नोंदीला जोडला आणि दर आठवड्याचं बीपी आता मला माझ्या फोनवर बाबांच्या ॲपमधून दिसतं, काल १३४/८२ होतं. परवाचं क्रिएटिनिन २.०.

मराठवाडा_एमओ | शनिवार रात्री १०.४०

२.० चांगलं आहे, उतरतंय. महिन्यानं परत त्याच लॅबला करा. एक राहिलं, तुमच्या रांगेत लघवीतल्या प्रथिनांची तपासणी कुठंच दिसली नाही, एसीआर म्हणतात, शुगरवाल्यांना वर्षातून एकदा लागतेच. पंधरा वर्षांत एकदाही झालेली नाही का?

तावरजा | शनिवार रात्री १०.५२

सगळी पिशवी परत आठवून बघितली डॉक्टर. नाही झालेली. सोमवारी सकाळी लॅबवाला घरी येतोय, त्याला आत्ताच मेसेज टाकते.